तांब्याचा चेहरा आणि आतली वाक्यं

दीड वर्ष झालं मी पुण्यात तांबट आळीत तांबं ठोकायला शिकतेय. भांडी करायची नव्हती, मला बाईचा चेहरा करायचा होता, आतून पोकळ, आणि आतल्या बाजूनी ती दिवसभर स्वतःला जे बोलते ते सगळं ठोकलेलं. शिल्पकार मीरा मुखर्जी म्युनिकला शिकून आल्यावर बस्तरच्या कारागिरांकडे धातूचं ओतकाम शिकायला गेल्या होत्या हे वाचलेलं, त्याच जोरावर मी आळीत जाऊन एका तांबट काकांना विचारलं, मला शिकवाल का.

आधी आठ दिवस वही जवळ ठेवली आणि मनात येईल ते लिहीत गेले. "तुला एवढं पण जमत नाही", "सगळ्यांसमोर कशाला बोललीस", "जाड झालीयेस". चाळीसेक वाक्यं झाली. सगळी "तू" वाली, "मी" एकात पण नाही, हे लिहून काढल्यावरच दिसलं आणि पोटात खड्डा पडला.

पत्रा २० गेज जाडीचा घेतला. चेहऱ्याचा आकार आला की बाहेरची बाजू राळेवर, म्हणजे पत्रा धरून ठेवणाऱ्या चिकट थरावर, टेकवायची आणि आतून पंचनी एकेक अक्षर दाबायचं. आत खळगा पडतो तिथे बाहेर फुगवटा येतो, तोही उलटा, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला नुसत्या गाठी दिसतात, वाचता काही येत नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

अडकले ते कपाळावर. मनासारखं होईचना, अजून थोडं अजून थोडं करत रात्री दहापर्यंत ठोकत बसले, आणि भुवईजवळ चीर गेली. काकांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न, "शेवटचं तापवलंस कधी?" तांबं ठोकलं की कडक होत जातं, मधेमधे मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवलं की परत मऊ पडतं, मला माहीत होतं हे, पण दर वेळी राळ काढा, तापवा, चिंचेनी घासा, परत बसवा, म्हणून मी टाळत गेले. काका म्हणाले, "आवाज ऐकायचा ना गं, कडक झालं की टणटण वाजतं." खरंच वाजत होतं, दोन तास, आणि माझं लक्ष सगळं कपाळ कसं चुकलंय त्याच्यावर.

दोन दिवस हात लावला नाही. वहीत एक वाक्य वाढलं, "पत्रा फुकट घालवलास". मग काकांनीच टाकणखार लावून पितळेचा डाग द्यायला, म्हणजे पितळ वितळवून चीर सांधायला शिकवलं. सांधा घासून लपवता आला असता, पण लाल तांब्यावर ती पिवळी रेघ मी तशीच ठेवली, आणि ते नवीन वाक्य तिच्या बरोबर मागे, आतून ठोकलं. या वेळी तीनदा तापवून.

घरी आणल्यावर आईनी गळ्याकडून आत हात घातला आणि बोटांनी वाचायला लागली. "सगळ्यांसमोर कशाला बोललीस" वर बोट थांबलं. म्हणाली, "हे मी म्हणायचे ना तुला?"

मी हो म्हणाले. तिनी हात काढला नाही, पुढचं वाचत राहिली.