प्रभावळीवरचा चेहरा

कार्डिफच्या आमच्या शाळेत मार्च उजाडला की भिंती लाल होतात. १ मार्च म्हणजे वेल्समधला सेंट डेव्हिडचा दिवस. मुली उंच काळी टोपी आणि शाल घालून येतात, कुणी छातीवर डॅफोडिलचं पिवळं फूल लावतं, आणि वर्गावर्गात ड्रॅगन काढले जातात. वेल्सच्या झेंड्यावर, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांवर, लाल ड्रॅगन आहे. झेंडा अधिकृत झाला १९५९ मध्ये, पण ड्रॅगन तिथल्या गोष्टींमध्ये कितीतरी आधीपासूनचा. वेल्श भाषेत त्याला ‘द्राइग’ म्हणतात. सात वर्षं मी तिथे लहान मुलांच्या वर्गात बाईंची मदतनीस आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून ड्रॅगन काढून घ्यायची मला चांगली सवय आहे.

त्या सवयीच्या भरवशावरच ऑगस्टमध्ये मुंबईला गेले होते तेव्हा मी मुलांना घेऊन बसले. आमचं घर लालबागला, चाळीत. गणपती पंधरा दिवसांवर आलेले, मंडळाची चित्रकला स्पर्धा जाहीर झालेली, आणि पाऊस असा की पोरांना खाली जायची सोय नाही. दादाचा मुलगा मला आत्या म्हणतो म्हणून सगळ्या मजल्याचीच मी आत्या. गॅलरीत सतरंजी टाकली, तेलखडूंच्या पेट्या उघडल्या, आणि मुलांनीच फर्माइश केली, “आत्या, तुझ्या तिकडचा ड्रॅगन शिकव.”

ड्रॅगन नीट जमला नाही. मोठ्या मुलांनी मोबाइलवर चित्र लावून तसंच उतरवायला घेतलं. धाकट्यांचं अंगच एवढं मोठं झालं की पंखांना कागद उरला नाही. चार पाय, त्यातला पुढचा एक उचललेला, मागचे पाय पुढच्यांआड गेलेले, हे सगळं एका बाजूने दाखवायचं. वेल्समधली मुलं तो झेंडा जन्मापासून पाहतात, खेळाच्या मैदानात, बसच्या मागे, केकवर. हाताला नाही तरी डोळ्याला तो पाठ असतो. लालबागच्या मुलीने तो कुठून आणावा? शेजारच्या खोलीतली सहा वर्षांची पोर खोडरबरने कागद फाटेपर्यंत खोडत राहिली आणि मग वही मिटून म्हणाली, “मला येतच नाही चित्र.” हे वाक्य मी कार्डिफमध्येही ऐकलं आहे, दुसऱ्या भाषेत. दरवेळी तितकंच लागतं.

आत आई गणपतीसाठी पितळ घासायला बसली होती. चिंचेचा कोळ, परातीत देव, आणि शेजारी काळवंडलेली प्रभावळ. पोर तिच्याजवळ जाऊन बसली. जरा वेळाने तिने हाक मारली, “आजी, हा कोण?”

प्रभावळीच्या अगदी वर, कमानीच्या मधोमध, एक चेहरा असतो. बटबटीत डोळे, ज्वाळेसारख्या भुवया, शिंगं, वरचे दात. खालचा जबडा बहुतेक वेळा नसतोच. तुमच्या देवघरात प्रभावळ असेल तर आत्ता उठून पाहा. मी त्या प्रभावळीपुढे रोज शुभंकरोति म्हणत मोठी झाले, पण त्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या पोरीमुळे पाहिलं.

आई म्हणाली, “कीर्तिमुख ते.” आणि चिंचेने भरलेल्या हातांनीच तिने गोष्ट सांगितली. जालंधर नावाचा असुरांचा राजा. त्याने राहूला शंकराकडे पाठवलं, पार्वती मला दे म्हणून. शंकराला असा राग आला की त्याच्या दोन भुवयांच्या मधून सिंहाच्या तोंडाचा एक प्राणी बाहेर पडला, भुकेने वखवखलेला. तो राहूला खायला धावला. राहू शंकराच्याच पायाशी पडला, शंकराने त्याला सोडवलं. मग त्या प्राण्याने विचारलं, आता मी काय खाऊ? स्वतःलाच खा, शंकर म्हणाला. आणि त्याने खाल्लं. पाय, हात, पोट, सगळं. चेहरा तेवढा उरला. शंकर प्रसन्न झाला. तू कीर्तिमुख, माझ्या दारावर राहा.

गॅलरीतली सगळी पोरं एव्हाना दारात येऊन उभी होती. “म्हणून त्याला बाकीचं अंग नाही!” दादाचा मुलगा म्हणाला.

अंग नाही, याच गोष्टीने मला वाट दाखवली. तीन-साडेतीन वर्षांचं मूल पहिल्यांदा माणूस काढतं तेव्हा एक गोल काढतं, त्यात डोळे, आणि त्या गोलालाच खाली दोन पाय फुटतात. चेहरा मुलाला आधीपासून येत असतो. म्हणजे ज्या प्राण्याचा नुसता चेहराच आहे, तो ह्या वयासाठीच आहे.

प्रभावळ धुऊन, पुसून सतरंजीवर मधोमध ठेवली. आधी प्रत्येकाने तिच्यावरून बोट फिरवलं. डोळा किती वर आलाय ते बोटाला कळतं. मग कागद उभा दुमडायला सांगितला. घडीच्या एकाच बाजूला अर्धा चेहरा काढायचा, सुरुवात डोळ्याने, आणि डोळा टिकलीएवढा नको, लिंबाएवढा हवा. त्यावर भुवई, मग नाकाची एक पाकळी, मिशी, दात, एक शिंग. रेघ जाड, तेलखडू दाबून. मग कागद परत मिटायचा आणि चमच्याच्या पाठीने मागून जोर लावून घासायचं. दादाच्या घरातले सगळे चमचे बाहेर आले. कागद उघडला की दुसऱ्या अर्ध्यावर फिका ठसा उतरलेला असतो, त्यावरून गिरवलं की चेहरा पुरा. उघडतानाचा तो क्षण मुलं श्वास धरून बघतात. सहा वर्षांच्या पोरीने कागद उघडला आणि ती काहीच बोलली नाही, लगेच दुसरा कागद मागितला.

छापील चित्र रंगवायला देऊन मुलं चित्रकला शिकतात हे मला पटत नाही. दुसऱ्याच्या रेघेच्या आत रंग भरताना मूल पाहत नाही. त्या दिवशी अकरा कागदांवर अकरा निराळी कीर्तिमुखं झाली. एकाची शिंगं बोकडाची, एकाच्या तोंडातून मोत्यांच्या माळा, एकाच्या मिशा चाळीतल्या एका काकांच्या. ते काका स्वतः येऊन बघून गेले.

पुढच्या रविवारी पाऊस उघडला तेव्हा दादा आणि मी पोरांना सीएसएमटीला घेऊन गेलो. १८८८ मध्ये पुरी झालेली ती इमारत, तिच्यावरचं दगडी कोरीवकाम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. दाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ, वर छपराच्या कडेने बाहेर झेपावलेले प्राणी. रोज लाखो माणसं त्यांच्याखालून लोकलकडे पळतात. आमची अकरा पोरं माना वर करून फुटपाथवर उभी, आणि लोक त्यांना वळसा घालून जात होते. आता अंबरनाथला जायचं ठरलं आहे. १०६० सालचं शिवमंदिर, दगडातली कीर्तिमुखं तिथे हात पोचेल इतकी जवळ आहेत. दादा नेणार आहे, मी तोवर इकडे परतले.

निघायच्या आदल्या रात्री ती पोर आली, हातात गुंडाळी. तिसरा की चौथा कागद असावा, रेघ ठाम झाली होती. चेहरा लाल, डोळे पिवळे, आणि दातांमध्ये काहीतरी लहानसं, हिरवं अडकलेलं. मी विचारलं, हे काय?

“शेपटीचं टोक,” ती म्हणाली. “शेवटचा घास आहे. अजून खातोय तो.”

कार्डिफच्या घरात दाराच्या आतल्या बाजूला, वर, तो कागद लावला आहे.