आमची वाटचाल : एक उटणं, दोन मोथे

२०११च्या दिवाळीत घरच्या मिक्सरवर पाच किलो उटणं केलं, तिथून आमचा धंदा सुरू झाला. आंबेहळद, कचोरा, वाळा, गुलाबपाकळी, नागरमोथा, सगळं काष्ठौषधीच्या दुकानातून. तिसऱ्या वर्षी मात्र हुशारी नडली.

गणपती झाले तरी नागरमोथा मिळेना. हे म्हणाले, "उसात लव्हाळा माजलाय, तोही मोथाच की!" गावात त्यालाच सगळे नागरमोथा म्हणतात. चार बायका लावून गाठी काढल्या, पंख्याखाली वाळवल्या, दळल्या. सासूबाईंनी चिमूटभर तळहातावर चोळून नाकाशी नेलं. "वास हाय, पन अंगाला ऱ्हायाचा न्हाई." राहिला नाहीच. वर गाठींच्या तुसात अडकलेली माती पुरती निघाली नव्हती. "उटणं दिलंय का वाळू?" असे फोन आले. चाळीस किलो माल परत घेतला.

मग ओळखीच्या वैद्यांनी दोन्ही समोर मांडून दाखवले. दोन्ही सायपेरस या एकाच वंशातले, दांडा तिकोनी, बोटांत फिरवला की कळतं. उसातला तो सायपेरस रोटुंडस, म्हणजे ग्रंथांतली मुस्ता, तापावरच्या षडंगपानीय या काढ्यात पडते ती. गाठी लहान, बाहेरून काळपट, आत पांढऱ्या, तारेसारख्या मुळीवर माळेतल्या मण्यांसारख्या ओवलेल्या. उटण्यातला सायपेरस स्कॅरिओसस. ओलसर, दलदलीच्या जागी वाढतो, आमच्याकडे येतो तो मध्य प्रदेश-छत्तीसगडकडचा. तुकडे लांबट, लाकडासारखे चिवट, वास मातकट आणि खोल. अत्तरवाले वाफेवर तेल काढतात ते याचं. बाजारात मात्र दोघांच्या पोत्यांवर नाव एकच!

आता आमच्याकडे दोन पिंपं आहेत. मुस्ता वैद्यांकडे जाते, नागरमोथा उटण्यात. तुसं आधी जाळावर भाजायची, मग गोणपाटात घालून रगडायची, दळून वस्त्रगाळ करायचं. पोतं आलं की तुकडा मोडून हुंगल्याशिवाय मी पैसे देत नाही. व्यापारी कुरकुरतात, कुरकुरू देत.

त्या वर्षी फुकटात रान निघालं म्हणून दीर खूश होते. पुढच्या पावसाळ्यात लव्हाळा दुप्पट फुटला. माळ तुटली की खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? उसाची खुरपणी निघाली की दीर अजून आमच्या उटण्याची आठवण काढतात.