शोरूमचं ‘फ्री साईज’ हेल्मेट

इलेक्ट्रिक स्कूटर घेणं सोपं गेलं. कर्ज, पासिंग, एमएच १९ची पाटी, सगळं वेळेत झालं. घोडं अडलं ते हेल्मेटपाशी.

दुचाकी विकताना भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचं हेल्मेट सोबत द्यायचं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८ सांगतो. आमच्या जळगावच्या शोरूमच्या बिलातही हेल्मेट लिहिलेलं होतं (शोरूमचं नाव घेत नाही, सर्व्हिसिंगला अजून तिथंच जायचंय). हातात मात्र काही नाही. “स्टॉक आला की फोन करतो.” तो फोन कधीच आला नाही. नशिराबादला कामावर जाता-येता मीच डोकवायचो, आणि दर वेळी काउंटरवर नवा पोरगा. त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, मग तो आत जाणार, चहा पिऊन बाहेर येणार आणि म्हणणार, “सर, सोमवारी बघा.”

शेवटी एकदाचं निघालं. अर्ध्या डोक्यावर बसणारी काळी टोपी, कान उघडे, मागे आयएसआयचं स्टिकर. स्टिकरवर फक्त ती खूण. खरी खूण असेल तर वर आयएस ४१५१ (दुचाकीच्या हेल्मेटचं मानक) लिहिलेलं असतं आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. तसं बोललो तर पोरगा म्हणाला, “आयएसआयच शे ना भाऊ, इतलं काय पाही राहिना?” मागच्या एकाला तर आयएसआय म्हणून बांधकामावरचं पिवळं हेल्मेट दिलं होतं म्हणे. त्याचं मानक वेगळं, आयएस २९२५. वरून वीट पडली तर ठीक, रस्त्यावर आपटलात तर ते त्यासाठी नाहीच.

दुसऱ्या हेल्मेटवर नंबर होता. मी तिथंच उभं राहून मोबाईलवर मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ ॲप उघडलं आणि नंबर टाकला. काहीच सापडेना. नंबर खरा असेल तर कंपनीचं नाव, वस्तू आणि लायसन्स चालू आहे का, हे सगळं दिसतं. मॅनेजर म्हणे, “नेटवर्क नाही सर.” घरचं माझं जुनं हेल्मेट त्याच नेटवर्कवर लगेच सापडलं होतं, हे त्याला सांगून काय उपयोग!

मग मी साधं केलं. म्हटलं, बिलात हेल्मेट आहे आणि मानकाचं हेल्मेट दिलेलं नाही, एवढं लेटरहेडवर लिहून द्या. त्याबरोबर गोदामातून खरंखुरं हेल्मेट आलं! फक्त ते ५८० एमएम घेराचं, आणि माझं डोकं ६००चं. “फ्री साईज आहे सर, सगळ्यांना बसतं.” नाही बसत. पैसे वजा करून घेतले आणि बाहेर पडलो. भांडण तोंडी करू नका, लेखी मागा.

बाजारात काम पटकन झालं. जाण्याआधी भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती टेप फिरवून माप घ्या. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मान खाली घाला आणि कुणाला तरी मागून वर-पुढे ओढायला सांगा. निघून आलं तर ते हेल्मेट सोडा. आपल्याकडे मे महिन्यात पांढरा रुमाल गुंडाळून वरून हेल्मेट घालतात. त्या जाड रुमालाच्या मापाने घेतलं की पावसाळ्यात तेच डोक्यावर गरगर फिरतं. आत पातळ सुती टोपी घाला आणि हेल्मेट फिकट रंगाचं घ्या, ऊन कमी धरतं. काच साधीच बरी. काळी काच घालून रात्री अजिंठा चौफुली ओलांडून दाखवा.

शालकाची गाडी २५०पेक्षा कमी वॅटची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली. नोंदणी नाही, लायसन्स नाही, म्हणून हेल्मेटही नाही, असं त्याचं गणित. पण ट्रकवाल्याला वॅट कुठे दिसतात! शिवाय या गाड्यांचा आवाज नसतो, समोरचा माणूस न बघताच रस्त्यात येतो.

राहिलंच, हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदला. धक्का आतला थर्माकोलसारखा थर घेतो. तो एकदा दबला की दबला, बाहेरून मात्र काही कळत नाही. पेट्रोल-थिनरने पुसू नका, कवच खराब होतं. आणि दुकानात जाताना डिक्कीचं माप घेऊन जा. माझ्या डिक्कीत हे पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट मावत नाही, म्हणून वेगळं कुलूप घ्यावं लागलं.

मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागतं. बायकोसाठी ५६० एमएमचं शोधतोय, आणि दुकानदार ५८०चंच पुढे करून सांगतात, “वहिनींना बसेल.”