भिंतीच्या पोटातली पोकळी

निपाणीजवळच्या एका गावात तंबाखूची जुनी वखार तपासायला गेलो, त्या सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता : आज रात्री मोठा भूकंप. कामाच्या बायका दारातच थांबलेल्या. एका मावशींनी विचारलं, "दादा, पोरांना घिऊन अंगणात झोपू काय?"

"मावशी, भूकंपाची तारीख-वेळ सांगणारा जगात अजून कुणी नाही," मी म्हटलं. एवढ्यानं भीती जात नाही, म्हणून कट्ट्यावर बसून सांगत गेलो. चीनमध्ये हाइचेंगला १९७५ साली आधी बारके धक्के बसत होते. लोकांना घराबाहेर काढलं, पुष्कळ जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला तशी चाहूलच लागली नाही आणि दोन लाखांहून जास्त माणसं गेली. कॅलिफोर्नियात पार्कफिल्डला शास्त्रज्ञ यंत्रं मांडून बसले होते. १९९३च्या आत येईल म्हटलेला भूकंप आला २००४ साली.

म्हातारे मेस्त्री ऐकत होते. "कोयनेचा धक्का मला आठवतोय की. फळीवरची भांडी खाली आली, आईनं आम्हाला ओढतच बाहेर काढलं." ती ११ डिसेंबर १९६७ची पहाट. कोयना इथून साधारण सव्वाशे किलोमीटर. धरणाच्या पाण्यामुळं तिथं धक्के कसे उठतात, ते समजून घ्यायला त्या भागात तीन किलोमीटर खोल बोअर मारलंय, हे सांगितल्यावर मेस्त्री म्हणाले, "जमिनीचं पोट बघत्यात म्हणा की. चला, आपण भिंतीचं बघू."

हातोडीनं भिंत ठोकत गेलो. उत्तरेच्या कोपऱ्याजवळ आवाज घुमायला लागला, रिकाम्या घागरीसारखा. ओळंबा सोडला, भिंत कमरेच्या वर दोन बोटं फुगलेली. मेस्त्रींनी पहारीनं एक दगड सैल करून काढला. आत माझा हात कोपरापर्यंत गेला. मातीचा नुसता भुगा, उंदरांची बिळं. बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड एकही नाही. वर जड छप्पर.

मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माणसं झोपेत अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि धाब्याच्या जड छपरांखाली गाडली गेली. भूकंप ६.२चा होता. नीट बांधलेल्या घरात त्यातली कितीतरी माणसं जगली असती, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

मालक म्हणाले, आठवडाभर चालू दे. मी तिथंच "वापर बंद" असं लिहून दिलं आणि बायकांचं काम दुपारीच शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. दुरुस्ती अवघड नव्हती : ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडायचं, आकडे वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, आणि दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा पट्टा घालायचा.

निघताना मावशी आडव्या आल्या. "आमची भिंतबी तसलीच हाय. जरा ठोकून बघता?"

मेस्त्रींना घेऊन गेलो. मागल्या भिंतीत तोच आवाज घुमला. तिला लागूनच पोरांची खाट होती. ती आधी उचलून सोप्यात नेली.