कोंढाण्याच्या उंदराच्या गावाला

सिंहगडावर मी किती वेळा गेले असेन ते कधी मोजलं नाही, शाळेची ट्रिप, मग कॉलेजात पावसाळ्यात जवळजवळ दर रविवारी, मग लग्नानंतर पाहुणे आले की त्यांना पिठलं भाकरी खायला घालायला म्हणून. आणि एवढ्या वर्षांत मला कोणीच सांगितलं नव्हतं की गडाचं जुनं नाव लावून फिरणारा एक प्राणी वर माथ्यावर राहतो. कोंढाणा उंदीर. शास्त्रीय नाव मिलार्डिया कोंडाना. हे मला माझ्या मैत्रिणीनं सांगितलं, तिनं झूलॉजीत एमएससी केलंय आणि प्रोजेक्टसाठी शेतातले उंदीर पकडत दोन वर्षं घालवलीत, आणि ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी मी म्हटलं की मला त्याच्यासाठी म्हणून एकदा गडावर जायचंय, बाकी काही नाही.

नोव्हेंबरातला मधला वार पकडला, गर्दी नको म्हणून. हा उंदीर रात्री फिरणारा, दिवसा बिळात, आणि संध्याकाळनंतर गडावर थांबू देत नाहीत, त्यामुळे आपल्या हातात फक्त पहाट. साडेचारला घरून निघालो, खडकवासल्यापाशी अशी थंडी वाजली की स्कूटर बाजूला घेऊन दोघींनी ओढण्या डोक्याला गुंडाळल्या. आतकरवाडीत गाडी लावली आणि चढायला लागलो. आमच्या पुढं मागं टॉर्च होतेच, रोज पहाटे गड चढून ऑफिसला जाणारी मंडळी पुण्यात कमी नाहीत, एक आजोबा तर आम्हाला मागं टाकून "चला चला" म्हणत पुढं गेले.

चढताना ती सांगत होती. मी धापा टाकत ऐकत होते पण हे सगळं मला फार आवडलं म्हणून नीट लिहिते.

हा उंदीर विज्ञानाला माहीत झाला १९७५ साली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, माझ्या आईचं लग्न झालं तेव्हाची. मिश्रा आणि धांडा या दोघांनी त्याचं वर्णन छापलं, आणि हे दोघं पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, ज्याला आपण आता एनआयव्ही म्हणतो. मी विचारलं, व्हायरसवाल्यांना उंदराचं काय पडलंय? तर ती म्हणाली अगं असं काय, १९५७ला शिमोग्याकडं माकडताप सापडला, व्हायरसचाच ताप, तो गोचिडांतून पसरतो, आणि ती गोचीड लहानपणी उंदरांच्या, चिचुंद्र्यांच्या अंगावर वाढते, मग त्या संस्थेतल्या लोकांना कुठल्या रानात कुठला उंदीर राहतो हे माहीत असायलाच हवं ना. पुण्यातल्या लोकांनी पुण्याच्याच गडावरचा उंदीर तपासला आणि तो जगात दुसऱ्या कोणाशी जुळेना. त्याला नाव देताना त्यांनी सिंहगड नाही घेतलं, कोंढाणा घेतलं. मला ते फार योग्य वाटतं, सिंह नंतरचा, कोंढाणा आधीचा, आणि उंदीर तर त्याच्याही आधीपासून तिथंच असणार.

मिलार्डिया हे पहिलं नाव कुठून आलं ती गोष्ट तर आणखी छान आहे. वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड नावाचे गृहस्थ मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सेक्रेटरी होते. १९०८ मध्ये एक लहान मुलगा पिवळ्या गळ्याची चिमणी मारून ती कोणती हे विचारायला त्यांच्याकडं घाबरत घाबरत गेला, त्यांनी त्याला ओरडून हाकललं नाही, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्याच मिलार्डांनी देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी व्हावी म्हणून १९११च्या सुमाराला पैसे गोळा केले, ती पाहणी सुरू झाली आपल्या खानदेशातून, आणि लंडनच्या म्युझियममधल्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी मऊ केसांच्या उंदरांच्या या गटाला मिलार्डांचं नाव दिलं.

मऊ केसांचे, हे महत्त्वाचं. घरातल्या उंदराच्या पाठीवर कसे राठ केस असतात, तसे या गटात नसतात, हाताला मऊ लागतात. या गटात जगात चारच जाती. एक आपल्याकडं शेतात सगळीकडं असते, काळ्या जमिनीच्या भेगांत राहते, तीच माझ्या मैत्रिणीनं ढिगानं पकडलेली. दुसरी रेताड कोरड्या भागातली, गुजरात राजस्थान आणि पाकिस्तानकडची. तिसरी ब्रह्मदेशात. आणि चौथी ही, शेतातल्या भावापेक्षा अंगानं मोठी, आणि राहायला सिंहगडाचा माथा. शेतातला भाऊ अर्ध्या भारतात पसरला आणि हा इथं वर अडकला की काय कोण जाणे, मी चढताना सारखा हाच विचार करत होते, कारण चहूबाजूंनी कडे आहेत आणि खाली उतरलं की शेतं, तिथं आधीच दुसरा बसलेला.

पुणे दरवाज्यात पोचलो तेव्हा पूर्वेला जरासं फटफटलं होतं. आम्ही कोणाशी न बोलता घोडपागेवरून पुढं माथ्यावर गेलो, जिथं गवत उंच आहे आणि लोक फारसे वळत नाहीत. टॉर्चला लाल कागद लावला होता. बसलो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. वारा होता आणि गवत वाळलेलं त्यामुळं सगळीकडूनच खसखस ऐकू येत होती, प्रत्येक वेळी मी तिचा हात दाबायचे आणि ती मान हलवायची. एकदा मात्र ती स्वतःच ताठ झाली, आमच्यापासून सात आठ फुटांवर गवताचं एकच ताट हललं, आजूबाजूची नाही, एकच, खालून कोणीतरी ओढल्यासारखं, आणि थांबलं. परत हललं नाही. एवढंच.

उजाडल्यावर तिथं जाऊन बघितलं. झुडपाच्या बुडाशी मुठीएवढं बीळ, तोंडाशी ताजी माती, आणि तिथून गवतातून निघालेली बोटभर रुंदीची पायवाट, इतकी नीट की कोणी रोज झाडत असेल असं वाटावं. वाटेवर गवताची तुरे खाल्लेली ताटं पडली होती. हा उंदीर खातोच तेच, गवत, गवताचे फुलोरे, बिया. पण मैत्रीण म्हणाली बिळावरून जात ठरवायची नाही, माथ्यावर दुसरेही उंदीर असू शकतात, पकडून कवटी आणि दात बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगणार नाही, आणि परवानगीशिवाय पकडायचं नाही. मला ते पटलं. तरी मी त्या बिळाशी बराच वेळ उकिडवी बसून होते. तानाजीच्या गोष्टीतली घोरपड लहानपणापासून पाठ आहे, आणि ज्याचं घर खरंच गडावर आहे त्याच्यावर एक ओळसुद्धा आपल्याला कोणी शिकवली नाही याचं मला वाईट वाटत होतं, खरंच वाईट.

कारण त्याचं जग केवढं आहे बघा. खूप वर्षं त्याची माहीत असलेली सगळी जागा म्हणजे हा माथा, एक चौरस किलोमीटरच्या आसपास. नंतर तोरणा आणि रायगडावरही सापडला, ते ऐकून मला हायसं वाटलं, पण तेही गडमाथेच. जगभरच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो आहे आणि कारणं सगळी आपल्या ओळखीची, गुरं चरून गवत संपणं, राहायची जागा कमी होणं, आणि आपण, पर्यटक. आपण शनिवारी रविवारी ज्या गवतावर चटई टाकून बसतो तेच त्याचं शेत आणि तेच त्याच्या घराचं छप्पर. देवटाक्याकडं येताना वेफर्सची पाकिटं, पत्रावळी, अर्धवट टाकलेली भजी, आणि त्या भज्यांवर कुत्री. मैत्रिणीला भीती वेगळीच आहे, खरकटं वाढलं की खालचा घरातला उंदीर वर येऊन स्थिरावणार, मांजरं येणार, मग गवतातल्यानं जायचं कुठं.

देवटाक्याजवळ ताक घेतलं. ताकवाल्या मावशी नुकत्या माठ मांडत होत्या. इतक्या लवकर कशाला आलात पोरींनो म्हणाल्या, तर मी सरळ सांगितलं, उंदीर बघायला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घरातला का गवतातला?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो.

"गवतातला येगळा असतो बाई. आमच्या पिठाला तो तोंड लावत न्हाई. सासू म्हणायची, त्याला मारू नका, त्यो गडाचा हाय."

माझ्या मैत्रिणीनं वही काढली आणि त्यांच्या शेजारी बसकण मारली, कुठं दिसतो, कधी दिसतो, पावसात बिळात पाणी शिरल्यावर कुठं जातो, गवत कापलं की काय करतो. मावशी एका हातानं ताक घुसळत सांगत होत्या. मधेच पहिलं गिऱ्हाईक आलं, मग दुसरं, गाड्यांचा आवाज वाढला, नऊ वाजले होते. आम्ही उतरलो तेव्हा वहीची साडेतीन पानं भरली होती, आणि पुढच्या गवत कापणीच्या आधी परत या, तेव्हा दाखवते असं मावशींनी सांगितलंय.