आजोबांची जॉन्सन मोटर आणि अडकलेलं पार्सल

आजोबांच्या जुन्या होडीच्या मोटरीसाठी मागवलेल्या माझ्या पार्सलात पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं गॅस्केट, ओ-रिंगा, कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) फ्लोट, म्हणजे त्यातली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता तुकडा, आणि टाकीचा डायाफ्राम, म्हणजे रबरी पडदा, एवढंच होतं. पेट्रोलचा थेंबही नाही. तरी ते ज्वलनशील माल म्हणून कुरिअरवाल्यांकडे अडकून पडलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मोटर आजोबांनी गोव्यात पोर्तुगीज काळात घेतलेली, होडीच्या मागे लावायची, दहा हॉर्सपॉवरची. जॉन्सनने १९४९ साली या मॉडेलबरोबर वेगळी टाकी दिली, पण मोटरवर इंधनाचा पंप ठेवला नाही. टाकी आणि मोटर यांच्यात दोन नळ्या असतात. एका नळीने क्रँककेसमधली (इंजिनाच्या पिस्टनखालच्या बंद पोटातली) दाबाची हवा टाकीत जाते, दुसरीने त्या दाबाने पेट्रोल वर चढतं. म्हणजे टाकी हवाबंद नसेल तर मोटर चालूच राहत नाही. आजच्या टाकीचा हवेचा स्क्रू उघडा ठेवावा लागतो, इथे नेमकं उलटं. मालीमच्या एका मिस्त्रीने सांगितलं, "ही टाकी टाकून द्या, पंप बसवा." पंप बसवता येतो, पण त्याला एकाच सिलिंडरच्या क्रँककेसमधून आलटून-पालटून येणारा दाब लागतो. नुसती एका नळीची टाकी जोडून भागत नाही. मला मात्र आजोबांची टाकीच हवी होती.

कार्ब्युरेटर उघडून साफ करणं सोपं गेलं. स्पार्क चांगला होता. अडलं ते रबरावर. इथे कुणाकडेही हे भाग नव्हते, म्हणून परदेशातून मागवले.

नारळी पौर्णिमेच्या आधी मोटर तयार करायची होती. पार्सल देशात आलं आणि थांबलं. आधी ओळखपत्र मागितलं, ते लगेच दिलं. मग फोन आला, की वर्णनात 'फ्युएल' शब्द आहे, तेव्हा धोकादायक माल नसल्याचं पत्र द्या. पत्र दिलं. मग म्हणाले, विकणाऱ्याचं पत्र पाहिजे. तेही आणलं. मग वस्तू वापरलेली आहे की नवी, हा प्रश्न. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि आधी काय पाठवलं हे त्याला ठाऊकच नसायचं. फ्लोटचा फोटो पाठवून मी विचारलं, की हे पेटणार कसं, तर उत्तर आलं, "सर, सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय." शेवटी सगळी पत्रं एकाच ईमेलला जोडली, विषयात पार्सलचा नंबर घातला आणि वरच्या माणसाचं नाव मागून त्याच्याशी बोललो. तेव्हा कुठे ते सुटलं. गणेशाची चवथ तोवर होऊन गेली होती.

तुम्ही मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा: वर्णनात 'रबर गॅस्केट, नवीन, पेट्रोलच्या संपर्कात न आलेले' असं लिहा आणि कस्टमचा कोड घाला: रबराच्या गॅस्केटला ४०१६ ९३, फ्लोटसारख्या पेट्रोल इंजिनाच्या भागांना ८४०९ ९१. जुना कार्ब्युरेटर मात्र मागवू नका. त्याला पेट्रोलचा वास असतो, आणि मग त्यांचं अडवणं रास्तच ठरतं.

भाग बसवल्यावर टाकीवरचं बटण दाबत राहिलो, तसा पेट्रोलचा जोर नळीत जाणवला. मोटर शापोरा नदीत सुरू झाली तेव्हा माझा ऊर भरून आला.

जुना फ्लोट बुचाचा (कॉर्कचा) होता, त्यावर लाखेचा लेप. पेट्रोलमधल्या इथेनॉलने तो लेप विरघळतो, बूच इंधन पितं, फ्लोट जड होतो आणि कार्ब्युरेटर भरून वाहतो. आता पंपावर साधारणपणे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून नवा फ्लोट प्लास्टिकचा घ्या. इथेनॉल आपल्या दमट हवेतला ओलावाही ओढून घेतं. लागेल तेवढंच पेट्रोल आणा, आणि मोटर ठेवायच्या आधी कार्ब्युरेटरमधलं सगळं जळू द्या.

झाकण उघडताना हळूहळू फिरवून आधी दाब सोडा, नाहीतर पेट्रोल अंगावर उडतं. हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचं (होडीच्या टू-स्ट्रोक मोटरींसाठीचं), चोविसास एक: पाच लिटरला सुमारे २१० मिली. पन्नासास एक हे नव्या मोटरींचं प्रमाण, इथे चालत नाही. दाब टिकत नसेल तर झाकणाला आणि नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावा, गळती तिथेच बुडबुड्यांनी दिसते.