अलार्म वाजतोय, पण पेशंट ठीक आहे
आज आयसीयूत अलार्मचाच दिवस होता. बराचसा गोंगाट फुकटचा. एसपीओटूचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) बोटाचा प्रोब आणि बीपीचा कफ (दंडाचा पट्टा) एकाच हाताला लावला, की कफ फुगताच बोटातला रक्तप्रवाह तुटतो, वेव्हफॉर्म (मॉनिटरवरची नाडीची लाट) सपाट होतो आणि बोंब सुरू. प्रोब दुसऱ्या हाताला लावा, विषय संपला. ईसीजीचे इलेक्ट्रोड रोज बदला, त्वचा पुसून कोरडी करूनच चिकटवा. जेल सुकलेलं पॅड सरळ फेका. सॅच्युरेशनच्या (त्याच ऑक्सिजनच्या) अलार्मला 10-15 सेकंदांचा डिले दिला तर क्षणिक घसरणीवर धावपळ होत नाही (किती द्यायचा ते डॉक्टरांनी ठरवावं).

खरी भीती वेगळीच. नवा पेशंट घेताना मॉनिटरवरून जुना डिस्चार्ज केला नाही (त्याची नोंद काढली नाही), तर अलार्मच्या लिमिट जुन्याच्या राहू शकतात आणि सेंट्रल स्टेशनवर (सगळे मॉनिटर एकत्र दिसतात त्या स्क्रीनवर) रीडिंगही त्याच्याच नावावर जातं. यात काहीच वाजत नाही. बेड बदलला तरी नाव, नंबर पुन्हा ताडून बघा.